घोडेगावपर्यंत

"कडूबाई, आज घरी जाऊन या बरं. अंघोळ करा, दोन घास खा, जरा पाठ टेका. संध्याकाळी भेटीच्या वेळेला परत या."

सिस्टर अंबिका मुळे आयसीयूच्या दारात उभी होती. एक पाय आत, एक बाहेर. समोर कॉरिडॉरच्या फरशीवर चादर अंथरून कडूबाई बोरुडे बसली होती. नवरा आत व्हेंटिलेटरवर गेल्यापासून ती तिथून हलली नव्हती. अंगावर तेच लुगडं, केसांना कंगवा नाही, आणि मुलगा डबा आणायचा त्यातली अर्धी भाकरी हेच जेवण.

"आन् मी गेले आन् ह्यांनी डोळे उघडले तर?"

"मी आहे ना. लगेच सांगते तुमच्या कानिफनाथला."

"तसं न्हाई ताई. माझ्या मागं काय इपरीत तर न्हाई ना व्हायचं?"

आत चार नंबरच्या बेडवर सहादेव बोरुडे होता. न्यूमोनियाने सुरुवात झाली, मग जंतू रक्तात पसरले, आता मूत्रपिंडांनीही हात टेकले होते. सकाळपासून रक्तदाब टिकवायचं औषध वाढवत वाढवत शेवटाला आणलं होतं. याचा अर्थ काय, हे अंबिकाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आहे तसंच आहे," ती म्हणाली. "जा तुम्ही बिनघोर."

कडूबाईने चादरीची घडी केली, पिशवीत कोंबली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. कॉरिडॉरमधल्या बाकीच्या बायका कौतुकाने बघत होत्या. एकजण शेजारणीला म्हणाली, "लई मायाळू बाई हाय. नायतर कोन कुनाची आंघोळ बघतंय!" अंबिकाने ते ऐकलं आणि दार ओढून घेतलं.

माया वगैरे काही नव्हतं त्यात. कारण होतं ती दाराची काच.

आयसीयूच्या दाराला पाटीएवढी एक काच होती. कडूबाई थोड्या थोड्या वेळाने उठायची आणि टाचा उंचावून त्या काचेतून आत बघायची. तिथून नवरा दिसायचाच नाही, मध्ये पडदा यायचा. दिसायची फक्त अंबिका. मग ती बिचारी अंबिकाच्या तोंडाकडे बघून नवऱ्याची तब्येत ओळखायचा प्रयत्न करायची. अंबिका भरभर चालली की कडूबाईचा चेहरा उतरायचा, अंबिका खुर्चीत टेकली की जरा उजळायचा. अंबिका कुठेही वळली तरी पाठीवर ते डोळे होतेच. सुरुवातीला तिने दुर्लक्ष केलं, मग ती वैतागली, आणि आज सकाळी तिला वाटलं की हे डोळे अजून एक दिवस असेच राहिले तर आपण ओरडू. म्हणून तिने कडूबाईला अंघोळीला पाठवलं. पाठवलं कसलं, काचेवरून पुसून टाकलं.

अंबिका पहिल्यापासून अशी नव्हती. नव्याने नगरला या हॉस्पिटलात लागली तेव्हा ती बेशुद्ध पेशंटशी गप्पा मारायची. बाहेर ऊन किती आहे, मेथीची जुडी केवढ्याला झाली, सगळं सांगायची. म्हाताऱ्यांच्या वेण्या घालायची. डॉक्टर हसायचे, आणि ती म्हणायची, ऐकू येत असेल तर? मग कोविडची ती दोन वर्षं आली. तेव्हा किती जणांचे डोळे मिटले, किती जणांच्या घरच्यांना फोनवरून सांगितलं, याचा हिशेब तिने ठेवला नाही, आणि तेच बरं. तिच्याबरोबरची सरवरी एक दिवस ड्युटी संपवून गेली ती गेलीच. आता शेवगावात शिवणाचे क्लास घेते. अजूनही फोनवर मागे कुठे काही टिंटिं वाजलं की सरवरी विचारते, "कुणाचं वाजतंय गं ते? आधी जाऊन बघ." मग दोघी हसतात, आणि हसून झाल्यावर सरवरी म्हणते, "सोड आता तू पण."

सोडून करायचं काय, हे अंबिकाला सुचलं नाही. म्हणून ती राहिली. राहिली, तर लोक खंबीर म्हणायला लागले. परिचारिका दिनाला शाल-नारळ देऊन सत्कार झाला, भाषणात कोणीतरी तिला हॉस्पिटलचा कणा म्हणालं. त्या रात्री घरी जाऊन तिने शाल कपाटात टाकली आणि नवऱ्याशी एक शब्दही न बोलता झोपली. नवरा शामकांत शाळेत क्लार्क, स्वभावाने गमत्या. तो म्हणायचा, "आपल्या घरी पण पाटी लावून टाकू. सिस्टरांना भेटायची वेळ, पाच ते सहा." मुलगी देवश्री खो खो हसायची. अंबिकालाही हसावंसं वाटायचं, पण चेहऱ्यापर्यंत ते पोचायचंच नाही.

आणि काल ते बोटांचं झालं होतं.

सहादेव बोरुडे घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातला जुना दलाल. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं असली तरी दोघांनाच कळतं. काल भेटीच्या वेळेला कडूबाईने चादरीखाली नवऱ्याच्या हातात हात घातला आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"ताई, बोलत्यात! बोटं दाबली माझी. दोन दाबली, मंग एक. घरात सुदिक असंच करत्यात, सुनंसमोर काय मागायचं आसलं की. दोन आन् एक म्हंजी च्या मागत्यात."

अंबिका दुसऱ्या बेडसाठी सुई शोधत होती. ती मागे न बघताच म्हणाली, "ते औषधाने होतं, आजी. आपोआप हलतात बोटं. त्याचा काही अर्थ नसतो."

कडूबाईने हात चादरीखालून काढून घेतला. कुणी रागवल्यावर पोर गप्प होतं तशी ती गप्प झाली, आणि वेळ उरली असतानाही बाहेर जाऊन बसली. अंबिकाच्या तेव्हा ते लक्षातही आलं नाही. खरं तर तिला माहीतही नव्हतं की ती बोटं औषधाने हलली की चहासाठी. बघायला हवं होतं. स्वतःचा हात घालून बघायला मिनिटभर लागलं असतं.

कडूबाई एसटीने घरी गेली, आणि दुपारची जेवणं व्हायच्या सुमाराला सहादेवचा रक्तदाब कोसळला.

डॉक्टर अवधूत धावत आले. तरणाबांड मुलगा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी होतं तेवढं सगळं केलं आणि मग हातमोजे काढून कानिफनाथला आत बोलावलं. कानिफनाथ सहादेवचा एकुलता एक मुलगा, पिकअप चालवायचा. डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं की आता औषधांचा उपयोग नाही, फार तर तास-दोन तास.

कानिफनाथने बापाच्या पायाला हात लावला. मग तो अंबिकाकडे वळला.

"सिस्टर, मला त्यांना घरी न्यायचंय. जित्तं न्यायचंय."

डॉक्टर म्हणाले, "नळी काढली तर श्वास थांबेल."

"नळी ऱ्हाऊ द्या. ते फुग्यानं हवा मारत नेत्यात ना? आमच्या चुलत्याला तसंच नेलं हुतं. आमच्यात बाहेर जीव गेलेल्या मानसाला उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत. अंगनातच ठेवत्यात. आन् आईनं त्यांच्या तोंडात पानी घातलं न्हाई तर ती जलमभर सोताला खाईल. आत्ताच गेली हो ती! इतके दिस हितंच बसून हुती, आन् नेमकी आजच गेली."

अंबिका कपाटाला पाठ टेकून उभी होती. बऱ्याच दिवसांनी काहीतरी तिच्या आतपर्यंत पोचलं, आणि पोचलं ते हे.

असं घरी नेणं नवीन नव्हतं. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही आयसीयूत महिन्यात एखाददुसरा पेशंट असा जातो. अँब्युलन्समध्ये एक वॉर्डबॉय बसतो, रबरी अंबू बॅग दाबत घरापर्यंत श्वास पुरवतो, घरी पोचल्यावर सगळ्यांनी पाणी घातलं की नळी काढतो आणि त्याच गाडीने परत येतो. इन्चार्ज सिस्टर कधी जात नाही. म्हणून अंबिका मोबाईल आणि पर्स घेऊन गाडीकडे निघाली तेव्हा डॉक्टर अवधूत चकित झाले.

"सिस्टर, तुम्ही कशाला? पाठवा ना कुणाला तरी."

"बाईंना मी पाठवलंय घरी," अंबिका म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. मी जाते."

डॉक्टरांना काही उलगडलं नाही. पण बावीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरशी वाद कोण घालणार? त्यांनी मान डोलावली.

गाडी निघाली. सहादेव स्ट्रेचरवर, त्याच्या उशाशी अंबिका, पायाशी कानिफनाथ. अंबिका एका लयीत अंबू दाबत होती. दाबायचा, सोडायचा, छाती वर येते का बघायचं. कानिफनाथने घरी फोन लावला. "आई, दादाला घरी आनतोय," एवढंच तो बोलला. बापाला तो दादाच म्हणायचा. पलीकडून कडूबाई काहीतरी विचारत राहिली आणि त्याने फोन ठेवून दिला.

सहादेवच्या बोटाला चिमट्यासारखं छोटं मशीन लावलेलं होतं, त्यावर नाडीचा आकडा दिसायचा. एमआयडीसी मागे पडली तेव्हा आकडा बरा होता. जेऊरला जरा खाली आला. अंबिका मनातल्या मनात सहादेवशी बोलायला लागली. थोडं थांबा बाबा, ती म्हणत होती, तुमचं गाव काही लांब नाही. कडूबाई वाट बघतायत. त्यांना मी पाठवलंय, तुम्ही नाही. माझ्यासाठी एवढं करा. पेशंटशी असं बोलून तिला किती वर्षं झाली होती कोण जाणे, आणि बोलायची वेळ आली ती मागण्यासाठी, याची तिला लाज वाटली.

इमामपूरच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर चढत होती. समोर उसाचा ट्रक होता आणि ओलांडायला जागा नव्हती. वळणावर गाडीने हिसका दिला, अंबिकाने सहजच बोटाकडे पाहिलं, तर मशीनवर आकडा नव्हता. नुसत्या रेघा. तिने चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला. रेघाच. मग डाव्या हाताने अंबू दाबत तिने उजव्या हाताची दोन बोटं सहादेवच्या गळ्यावर ठेवली आणि डोळे मिटून थांबली.

काही नव्हतं तिथे.

तिने जागा बदलली, पुन्हा दाबून पाहिलं. छाती वर येत होती, पण ती अंबूने. माणूस गेला होता. घाट चढून व्हायच्या आत, उंबऱ्यापासून तीन कोस अलीकडे म्हणा, चार कोस म्हणा, सहादेव बोरुडे निघून गेला होता.

"काय झालं?" कानिफनाथने विचारलं.

आता खरं सांगायला हवं होतं. नियमाने गाडी थांबवून डॉक्टरांना फोन करायला हवा होता. अंबिकाच्या डोळ्यांसमोर ते अंगण आलं, जे तिने कधी पाहिलं नव्हतं. त्यात उघड्यावर ठेवलेला सहादेव आला, आणि टाचा उंचावून तिच्या तोंडाकडे बघणारी कडूबाई आली. तिने चिमट्याचा हात अलगद चादरीखाली सरकवला.

"आहे तसंच आहे," ती म्हणाली, आणि अंबू दाबत राहिली.

हे वाक्य तिने आजवर शेकडो लोकांना सांगितलं असेल. ते इतकं जड कधी लागलं नव्हतं. कानिफनाथने बापाची पावलं हातात धरली होती, पण त्याला काही कळलं नाही. आयसीयूच्या थंडाव्यात ती पावलं कित्येक दिवस गारच होती. अंबिका एक श्वासही चुकवत नव्हती. जिवंत माणसांना तिने गेल्या काही वर्षांत इतक्या मनापासून श्वास दिला नव्हता, हे तिला स्पष्ट कळत होतं. तिला रडू येत होतं आणि रडणं परवडणारं नव्हतं.

पांढरीचा पूल ओलांडला आणि घोडेगावच्या अलीकडे गाडी जागच्या जागी उभी राहिली. बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना म्हशींनी भरलेल्या पिकअप, टेम्पो, मध्येच दावं तोडून निघालेला रेडा, त्याच्यामागे धावणारी माणसं. सायरनला कोणी भीक घालत नव्हतं. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून घसा कोरडा केला, तरी गाडी तसूभर हलेना.

कानिफनाथ खाली उतरला आणि गर्दीत शिरला. परत आला तो एका उंच, पांढऱ्या दाढीच्या माणसाला घेऊन. "फक्रुद्दीनचाचा," तो म्हणाला. "दादांचे जोडीदार."

फक्रुद्दीन आणि सहादेव सगळी हयात एकाच बाजारात उभे होते. कधी एका सौद्यात एका बाजूला, कधी समोरासमोर. फक्रुद्दीनभाईंनी मागचं दार उघडलं, एक पाय आत टाकून वाकले आणि म्हणाले, "काय रे सहादू, बाजाराच्या टायमाला बरोबर आला गड्या." आणि सवयीने, अगदी काही विचार न करता, त्यांनी चादरीखाली सहादेवच्या हातात आपला हात घातला.

अंबिकाने श्वास रोखला. अंबू मात्र तिने थांबवला नाही.

फक्रुद्दीनभाईंनी बोटं दाबली असणार. ते थांबले. पुन्हा दाबली असणार. आयुष्यभर त्या हाताने त्यांना कधी होकार दिला होता, कधी नकार दिला होता, कधी चिडून नखही मारलं असेल. पण असा गप्प तो हात कधी राहिला नसेल. त्यांनी मान वर करून अंबिकाकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने फक्त मान अगदी थोडी हलवली.

"चाचा, कसं वाटतंय?" मागून कानिफनाथने विचारलं.

फक्रुद्दीनभाईंनी चादर नीट केली, सहादेवच्या गळ्यापर्यंत ओढली.

"हाय अजून," ते मोठ्याने म्हणाले. "वाट बघतोय घराची. चल, बस तू आत. मी म्होरं चालतो."

आणि ते गाडीपुढे चालायला लागले. खांद्यावरचा टॉवेल काढून डोक्यावर फिरवत ते ओरडत होते, "ए, सरका! सहादू दलाल घरी चाललाय! घे रे ती म्हैस कडंला!" ते नाव ऐकलं आणि रस्ता मोकळा होऊ लागला. माणसांनी दावी ओढून जनावरं बाजूला घेतली. पिकअपवाल्यांनी गाड्या मागे घेतल्या. टोपीवाल्यांनी टोप्या काढल्या. काचेतून अंबिकाला सगळं दिसत होतं, आणि तिला वाटलं, हे बघायच्या आधी, घाटातच, हा माणूस जायला नको होता.

सहादेवची वस्ती बाजारतळाच्या पलीकडे शेतात होती. दारात माणसं जमली होती. अंगणात ताजा सडा होता. चौघांनी स्ट्रेचर उचललं, अंबिका शेजारून अंबू दाबत, ठेचकाळत चालली. उंबऱ्यापाशी ती अडखळली तेव्हा फक्रुद्दीनभाईंनी तिच्या कोपराला आधार दिला. सहादेवला आत नेलं आणि घोंगडीवर ठेवलं.

कडूबाई पुढे आली. ती न्हाली होती. केस ओले होते, नीट विंचरून मागे बांधलेले, आणि अंगावर धुतलेलं हिरवं लुगडं होतं. कॉरिडॉरमधली बाई हीच, हे अंबिकाला एकदम ओळखू आलं नाही. तिच्या हातात तुळशीचं पान घातलेली पाण्याची वाटी होती.

"हायेत ना, ताई?" तिने विचारलं.

"आहेत," अंबिका म्हणाली. "घाला पाणी."

नळीच्या कडेने कडूबाईने दोन थेंब ओठांवर सोडले. ते गालावरून ओघळले. कानिफनाथने घातलं, सुनेने घातलं. मग कडूबाई नवऱ्याजवळ मांडी घालून बसली, आणि काल ओशाळून काढून घेतलेला हात तिने पुन्हा चादरीखाली घातला. फक्त अंबूचा फस् फस् आवाज येत होता. कडूबाईने डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच बसली.

"दाबली," ती हळूच म्हणाली. मग डोळे उघडून तिने अंबिकाकडे पाहिलं, तसंच, काचेतून बघायची तसं. "दाबली बोटं, ताई. आत्ता दाबली. व्हय ना? का ह्ये बी औषिदानं?"

दाराशी फक्रुद्दीनभाई खाली मान घालून उभे होते.

"नाही," अंबिका म्हणाली. "औषधं बंद केलीत आपण. त्यांनीच दाबली."

कडूबाईने मान डोलावली. अंबिकाने अंबू सोडला, चिकटपट्टी काढली आणि नळी बाहेर घेतली. मग गळ्यावर बोटं ठेवून, सगळ्यांना दिसेल असं, तिने थोडा वेळ घालवला.

"गेले," ती म्हणाली.

रडणं उसळलं. बायका पुढे धावल्या. अंबिका गर्दीतून वाट काढत अंगणात आली आणि भिंतीच्या सावलीत उभी राहिली. तिचा अंगठा वाकेना. फक्रुद्दीनभाईंनी तिला तांब्याभर पाणी आणून दिलं.

थोड्या वेळाने बायकांनी कडूबाईला धरून बाहेर आणलं. तिची नजर अंबिकावर गेली आणि ती थांबली.

"ह्या बघा," ती रडत रडत बायकांना म्हणाली. "ह्या त्या ताई. ह्यांना सकाळीच कळलं हुतं गं! म्हून मला म्होरं धाडलं. म्हनल्या, जा, आंघोळ करून घे. मी म्हनलं हिला काय पडलंय माझ्या आंघोळीचं? पर त्यांना कळलं हुतं. न्हाऊन, सडा टाकून, धुतल्या लुगड्यानं पानी घालाय मिळालं मला. तशीच पारोशी तिथं बसले आसते, तर दवाखान्यातूनच मुडदा आला आसता गं घरला. आन् म्हागून सोता घेऊन आल्या त्यांना, एवढ्या लांब. देवमानूस हाय."

अंबिका पुढे झाली. तिला आता हे सहन होईना.

"कडूबाई, नाही हो. तसं नाही. मी तुम्हाला पाठवलं ते..."

"सिस्टर." फक्रुद्दीनभाई तिच्या शेजारी आले होते. त्यांचा आवाज फक्त तिलाच ऐकू जाईल एवढा होता. "नका बोलू. तुमचं वझं उतरंल, पर तिला आता तेवढंच हाय."

वाक्याचा उरलेला तुकडा अंबिकाच्या तोंडातच राहिला.

कडूबाई खाली वाकली आणि अंबिकाच्या पायांवर तिने कपाळ टेकलं. तिचे ओले केस अंबिकाच्या चपलेवर पडले. "नको, नको," अंबिका म्हणाली आणि तिने पाय मागे घेतला. पण कडूबाईच्या मागे सून होती, सुनेच्या मागे भावजया, शेजारणी, वस्तीवरच्या म्हाताऱ्या. कोणी सांगायची गरज नव्हती, त्या ओळीने पुढे येऊन वाकत होत्या. अंबिका एकेक पाऊल मागे सरकत राहिली, आणि मग तिच्या पाठीला भिंत लागली.